शुद्धीवर आलेला बाप

न्हाई फौजदारसायेब, ते तुमी चुकीचं ल्हिवलं. ‘पोरानं मारलं’ असं म्या म्हणलेच न्हाई. म्या म्हणले, पोरगं सोताच म्हणतंय, ‘बापाला म्या मारलं.’ ह्यात लई फरक हाये. आमचा गेनू काय बी म्हणतो. ल्हान हुता तवा म्हणायचा, वाघ बघितला — बघितलं हुतं पाटलाचं मांजर. ते खोडा आदी. खोडलं? हां. आता जरा सरकून खांबाला टेका. भोरापासनं हिर्डोशीपतूर तट्टावर बसून आलाय, कंबर धरली असंल. धन्याचं नाव? ते पाटलानं सांगितलं असंल की तुमाला, माझ्या तोंडून कसं यील ते? — हां, तेच, चिमाजी. तुमी म्हणला, म्या न्हाई म्हणले. माझं ल्हिवा, रतनबाई. पोरं तीन. थोरला गेनू, एकोणीसाचा, त्योच तुमी चावडीत हात बांधून बसवलाय. मागं फुला आन साळू, त्या परसात हायेत, तुमच्या पगडीला भ्यात्यात.

आता तुमीच बगा. ज्याचं डोस्कं फुटलंय त्यो आत पडलाय, शुद्धीवर हाये, आन मगाशी तुमाला तोंडानं म्हणला, ‘जात्यापाशी पाय घसरला.’ मंग बाकीच्यांनी का बोलावं? जखम माथ्यावर हाये, मान्य. पाय घसरला तर माथ्यावर कशी लागंल, असं तुमचं म्हणणं — डोक्यावर पडलं असतील. न्हाईतर बैलानं शिंग मारलं असंल. व्हय, बैल काल रानात हुता, पर बैलाचं काय सांगावं, मधी येऊन गेला असंल.

बरं, आदी ह्या माणसाचं ऐका, मंग कागुद करा. ह्यो माणूस वीस वरसं दारू प्याला. लपवत न्हाई म्या, साऱ्या खोऱ्याला ठावं हाये. जर्मनच्या लढाईत समिंद्रापल्याड बसऱ्याला गेलतं, पलटनीची खेचरं हाकायला. तिकडनं आलं ते प्यायला लागलं. सांजच्याला घाटाच्या वाटंवर दुकानात जायचं, आन येताना गाणं म्हणत यायचं. आदी गोठ्यात जाऊन बैलाचा मुका घ्यायचं, मंग मेलेल्या आईची आठवण काढून रडायचं, मंग निजायचं. वीस वरसांत माझ्या अंगाला बोट लावलं न्हाई. पोरांना तर कधीच न्हाई, पोरं किती आन कुठली हेच त्यांना नीट ठावं नव्हतं. साळूला एकदा इचारलं, ‘बाळ, तू कुणाची?’ ती म्हणली, ‘तुमचीच की आबा.’ लई खूष झालं.

शिस्त? शिस्त म्याच लावली. उलथन्यानं. खोटं बोलला, उलथनं. नाचणीत गुरं शिरली, उलथनं. पर सायेब, माझा हात लागला की पोराला ठावं असायचं कशापायी लागला, आन रातीला म्याच त्याला खोबऱ्याचं तेल लावायची. गेनू आजबी उलथनं दिसलं की मधी खांब धरतो. एवढा दांडगा गडी, पर इचू मारायला बहिणीला हाक मारतो. त्यो बापाचं डोस्कं फोडंल? तुमीच बगितलाय त्याला. त्याचं तोंड बगा की जरा.

मंग गेल्या शिमग्याला दारूबंदी आली, दुकान उठलं. भोरातनं एक गांधी टोपीवालं गृहस्थ आलतं, देवळाफुडं सभा झाली. चांगलं बोललं. म्हणलं, खून पडत्यात ते दारूनं, मारामाऱ्या हुत्यात त्या दारूनं. दुकान गेलं की तुरुंग ओस पडतील, आन पोरांना त्यांचा बाप परत मिळंल. बाया रडल्या. म्या बी रडले, खोटं कशाला सांगू. वीस वरसं वाट बगितली हुती म्या ह्या बापाची.

मिळाला की बाप. आठ दीस अंथरुणात थरथरत हुतं, घामानं घोंगडी भिजायची, भिंतीवर खेचरं दिसायची त्यांना. म्या पेज पाजली, पाय चेपलं. नवव्या दिशी उठलं, आंघोळ केली, अंगणात येऊन हुबं ऱ्हायलं. गेनू लाकडं फोडत हुता. त्येच्याकडं बगत ऱ्हायलं, बगत ऱ्हायलं, मंग मला हळूच म्हणलं, ‘ह्यो कोण?’ म्या म्हणले, ‘गेनू.’ ‘एवढा कवा झाला?’ म्हणले, ‘तुमी गात हुता तवा.’ ते जाऊन जोत्यावर बसलं, आन सांजपतूर बसूनच ऱ्हायलं. मला वाटलं, आता ह्यांच्या काळजाला लागलं. लागलं हुतंच. पर दुसऱ्या दिशी पहाटं त्याचं जे रूप बाहेर आलं ते म्हंजी — सायेब, बसऱ्याची पलटन.

कोंबडं आरवायच्या आदी तिन्ही पोरं अंगणात लायनीत. ह्ये फुड्यात हुबं, हातात बैल हाकायची लोखंडी टोकाची पराणी. हिंदुस्थानीत हुकूम सोडायचं. फुला नाव सांगंल, साळू नाव सांगंल, मंग घोंगड्या चार कोपरं जुळवून घडी. कोपरा चुकला की परत. जेवताना हसायचं न्हाई. बैलाचा दोर उजव्या खुट्याला. कोंबड्या सोडायच्या त्या बी मोजून, एकेक. आता कोंबडीला कुठं हिंदुस्थानी कळती? एक दीस धा सोडल्या आन अकरा मोजल्या. शेजारची आलती एक. तिच्यापायी दोन्ही पोरी उन्हात हुब्या. म्या मनात म्हणले, वीस वरसांचं बापपण ह्यो माणूस एका महिन्यात उरकाय बसलाय.

आन गावाला कौतुक. पाटील म्हणले, चिमाजी सुधारला. सोनबा किराणावाला म्हणला, असा बाप पायजे. त्यांनी ह्यांना चोरट्या दारूवर राखण नेमलं — व्हय, त्यांनाच. वास ह्यांच्याइतका कुणाला कळणार? घरोघर जाऊन मडकी हुंगायचं. मान ताठ, मिशीला पीळ.

हसताय तुमी. म्या बी हसायची, सुरवातीला. मंग त्यांनी गेनूवर हात टाकला. दोर डाव्या खुट्याला बांधला म्हणून. पराणीच्या काठीनं, पाठीवर, मोजून धा. गेनू बापापेक्षा हातभर उंच, एका हातानं उचलून ठेवला असता, पर हाताची घडी घालून हुबा ऱ्हायला. दुसऱ्या आठवड्यात परत. मंग दर आठवड्याला. रागात मारायचं न्हाईत, सायेब. शांतपणी मारायचं, आन झाल्यावर म्हणायचं, ‘हे तुज्याच भल्यासाठी.’ शुद्धीतला मार कसा सोसायचा मला सांगा. प्यालेल्या माणसानं मारलं तर बाई दारूला शिव्या देती, दुकानाला देती, सकाळी त्यो पाया पडतो, मिटलं. ह्या माणसाच्या तोंडाला वास न्हाई, कायदा त्याच्याकडनं, पाटील त्याच्याकडनं. म्या कुणाला शिव्या देऊ? टोपीवाल्याला?

एकदा इचारलं म्या. म्हणले, ‘पोराला एवढं का मारता?’ तर म्हणलं, ‘बसऱ्यात एक पोरगं हुतं, ह्याच्याच वयाचं. खेचराचा दोर चुकीचा बांधला. खेचर बुजलं, नदीत घेऊन गेलं त्याला.’ एवढंच. वीस वरसांत तेवढंच बोललं बसऱ्याचं. मंग मला कळलं की ह्यो माणूस कशावर दारू वतत हुता. पर कळून काय करायचं? गेनूची पाठ तर माझ्या हाताखाली हुती, तेल लावताना.

मंग म्या काय — न्हाई, ते जाऊ द्या. त्याचा ह्याच्याशी काय संबंध न्हाई. काय म्हणला? पाटलानं गोठ्यात पेंढ्यामागं मडकं बगितलं? पाटील गोठ्यात कशाला शिरला? गूळ हाये त्यात. काळा गूळ, भिजवलेला. बैलाच्या औषधाला. बैलाला — बैलाला खोकला हाये.

तुमी दौतीत टाक बुडवू नका असा, मला भ्या वाटतं. सांगते. खोकला धन्याला हुता. म्या त्यांना काढा द्यायची सांजच्याला, आलं, तुळस, मिरं, आन… ते. एकच वाटी, आल्या-मिऱ्यात वास दडायचा. गूळ आन नवसागर, कसं करायचं ते सांगणार न्हाई, तुमी ल्हिवून घ्याल. आन काय सांगू सायेब, तिसऱ्या दिशी गोठ्यातनं गाणं आलं. फुला पळत आली, म्हणली, ‘आये, आबानं बैलाचा मुका घेतला.’ आमी तिघी चुलीपाशी बसून हसलो आन रडलो. गेनू बी हसला. आठवडाभर मार न्हाई, लाइन न्हाई, घोंगड्या कशाबी पडल्यात. सारा देश दारूपायी घरं मोडली म्हणून बोंबलतोय, आन म्या एका वाटीत माझं घर सांधत हुते. वाईट दिसतं, मला बी कळतं. पर दुसरं काय हुतं माझ्या हातात, उलथन्याबिगर?

काल सकाळी म्या अंगणात भात कांडत हुते. धनी गोठ्यात गेलं, पेंढा काढायला. आन थांबलं. वास. ज्या नाकानं सारं खोरं हुंगलं त्या नाकाला आपल्या गोठ्यातलं कळाय धा दीस लागलं, तेवढंच नवल. मडकं घेऊन बाहेर आलं. तोंड पांढरंफटक. गेनूला म्हणलं, ‘तुजं?’ गेनूनं माझ्याकडं बगितलं. म्या मुसळ धरून हुबी. बोलायला पायजे हुतं, सायेब. तवाच बोलायला पायजे हुतं म्या. घरात पोरांना उलथनं दावणारी बाई म्या, आन जीभ टाळूला चिकटली. गेनू म्हणला, ‘व्हय. माजं.’

ह्यांनी पराणी उचलली. ह्या बारीला मोजलं न्हाई. पाठीवर, दंडावर, तोंडावर. लोखंडी टोक भुवईवर बसलं, डोळा रगतानं भरला, तरी पोरगं हुबंच, हाताची घडी घालून. आन हे मारता मारता रडत हुतं, म्हणत हुतं, ‘मरशील, अशानं तू मरशील.’ परत हात वर गेला, टोक फुडं. डोळ्याच्या रोखानं. आन मंग —

मंग ल्हिवा. मुसळ. म्या. एकदाच. भात कांडताना घालते तसं, जास्त जोर न्हाई लावला, न्हाईतर आज हळद भरायला डोस्कं उरलं नसतं. ते खाली बसलं. माझ्याकडं बगितलं, पोरासारखं. म्हणलं, ‘तू?’ आन आडवं झालं. पाटील आलं तवा म्या मडकं परत पेंढ्यामागं सारलं हुतं, आन गेनूनं मुसळ माझ्या हातातनं काढून घेतलं हुतं. पाटलाला म्हणला, ‘म्या मारलं.’ एवढं सगळं झालं आन ह्या घरातलं कुणी खरं बोलंना — पोरगं म्हणतं म्या, बाप म्हणतो जातं, आन म्या म्हणते बैल. तिघांतली म्याच तेवढी खोटं बोलण्यात कच्ची निघाले.

तर आता त्याचा दोर सोडा. मला बांधा. भोराला म्या चालत यीन, तट्टू नको, फकस्त भाकऱ्या थापून ठेवते आदी, तीन दिसांच्या. कायद्यात किती वरसं हायेत मुसळाला? — काय? धनी फिर्याद देत न्हाई म्हणून काय झालं? — म्हंजी जखमी माणूस म्हणतो तेच कागदावर? वाचून दावा बरं. ‘जात्याजवळ पाय घसरून.’ हां. — परत एकदा वाचा, सायेब.

आन मडक्याचं? त्याचा पंचनामा करायचाच म्हणता? कायदा हाये, बरोबर हाये. बसा, म्या आणते गोठ्यातनं, तुमी कशाला शेणात पाय घालता. — सायेब. मडकं उंबऱ्याला लागलं, फुटलं. न्हाई, म्या न्हाई आपटलं, खापरीच कच्ची हुती. वास येतो? जाईल उन्हानं. न्हाई, परत न्हाई भिजवायची. आईशप्पत न्हाई. त्यांनी पोरासाठी मारलं आन म्या पोरासाठी पाजलं, आन पोरगं मधी हाताची घडी घालून. आता कायतरी तिसरं शोधाय पायजे.

आला बगा गेनू. तुमच्या शिपायानं सोडला. ये रं. डोळा सुजलाय, पर हाये शाबूत. भाकरी खा आदी — कुठं चालला? त्यो आत चाललाय, सायेब, बापाकडं. गेनू, नको जाऊ, झोपल्यात ते. गेला.

बोलू नका जरा. ऐकू येतंय? धनी उठून बसल्यात.

‘इकडं ये,’ म्हणत्यात. ‘डोळा दाखव.’

…जावा आता तुमी, सायेब. उन्हं कलली. जावा.