तीन बोटांचा सांधा

— न्हाई कळत मला! सगळं तुलाच कळतंय, हौशीराम! सुतारानं नांगर करावा, बाणाच्या वाटंला जाऊ नये — ह्येच म्हनला व्हतास ना माज्या दारात? मग आलास कशाला बाण घिऊन? — तुमाला न्हाई म्हनत, फतेचंदशेठ. पाटलाच्या पोराला म्हनतोय. त्यो हितं नसला म्हनून काय झालं! तुमी बसा. पर वट्ट्याच्या त्या टोकाला. मला शिवू नका. चुलती गेली परवा, साळुबाई, घरात सुतक हाय. तुमी एवढं घोडेगावापासनं कापडाचं गठुडं वाहत आलाय आन् मला पानी बी देता येत न्हाई. गाव सगळं शिलंगणाला माळावर गेलंय, शिनोलीत आज कुत्रं दिसायचं न्हाई, आन् ऐन दसऱ्याला मी हितं — बिळात कोंडलेल्या घुशीवानी.

आमच्या गावची रीत तुमाला ठावं नसंल. दसऱ्याला पाटलाच्या घरचा एकच बाण सुटतो, म्हाताऱ्या पाटलाचा. शिवंच्या वढ्यापल्याड पडला पायजे, मग गाव सोनं लुटतं. म्हातारा प्लेगात गेला, तवाधरनं त्येचा पोरगा सयाजी पाटील मारायचा. त्येचा खांदा धरलाय, म्हनून औंदा त्येचा ल्योक, हौशीराम. आता म्हातारा व्हता बुटका, सयाजी बी तसाच, आन् ह्यो ताडमाड. दोरी कानापतूर वढली की बाणाचं टोक मुठीच्या आत येतंय — सुटला तर आपल्याच पंजात! म्हनून आलं बापलेक माज्याकडं, सुतक लागायच्या आदी. चार बोटं वाढवून दे. दिलं असतं की! अवो, जुन्या काडीला तिरका काप घ्यायचा, नव्या लाकडाला तसाच, पोटाला पोट लावायचं, सरस भरायचा, वरनं सूत गुंडाळायचं. पर काप आठ बोटं पायजे. आठ! माजा बाप म्हनायचा, आखूड सांधा आन् उपाशी पावना, दोगं बी दगा देत्यात. तर सयाजी पाटील काय म्हनतो — म्हाताऱ्यानं टोकाकडं शेंदराचा पट्टा वढलाय सोताच्या हातानं, त्येला धक्का लागता कामा नये. पट्ट्याच्या म्होरं काडी उरली किती? तीन बोटं! मी म्हनलं, तीन बोटांत सांधा धरत न्हाई पाटील. तवा हौशीराम हसला, आन् त्ये नांगराचं बोलला. माजं टकुरं फिरलं. घातला तीन बोटांचा. आन् वरनं तांबडं सूत असं जाडजूड गुंडाळलं, की आत काप केवढा हाय ते दिसूच नये. वर म्हनलं, बैल बांधला तरी तुटायचा न्हाई, जा.

काय? गुडघ्यावर वाकवून बघितला का? दर बाण बघतो. ह्यो न्हाई बघितला — चिडलो व्हतो, सांगतोय न्हवं! नव्या लाकडाची काडी उरली व्हती, तिला त्याच वक्ती तसाच सांधा मारून ठिवला व्हता. आज सकाळी ती वाकवली. ही बघा. उचलू नका, माजा हात लागलाय, नुसतं बघा. कशी फाटली, दाभणावानी. सांधा ऐन मुठीपाशी येतोय, शेठ. दोरी सुटली की मागनं रेटा आन् म्होरं ह्ये… डाव्या हातात घुसंल ते मनगटातनं निघंल.

गेलतो की! न्हाई कसा? माळाच्या कडंपतूर गेलतो. गुरवानं काठी आडवी धरली — सुतकी, माघारी फीर. हाक मारली मी तिथनं. काय मारली? म्हनलं, दमानं वढ रं हौशीराम. एवढंच. सगळं गाव बघत व्हतं. त्यो हसला, हात केला. — तवा का न्हाई बोललास म्हनू नका! बापाच्या काळापासनं गावाचं लाकूड आमच्या हातात हाय. सावळाराम सुतारानं खोटा सांधा घातला म्हनल्यावर औताला तरी कोन हात लावू दील? घरचं सुतक धाव्या दिशी सुटतंय. ह्ये सुटायचं न्हाई.

परवापासनं आमची चूल थंड हाय. भाकरी कुठनं येती? सरूबाईकडनं. हौशीरामाच्या आयकडनं. तुमी बसलाय ना, तिथंच ठिवती आन् लांबनं म्हनती, सावळाभाऊ, खावा चार घास. काल म्हनली — एकलं पोरगं हाय माजं, पर तुमच्या हातचा बाण हाय, मला घोर न्हाई. त्या बोलण्यापायीच आज सकाळी ती काडी हुडकली.

ढोल. ऐकला? तीनदा वाजून थांबतो, मग बाण. ह्यो पयला. शेठ, तुमी जावा. सांगा, धनुष्याला चीर गेलीया — न्हाई, त्ये दुसरं आनतील. सांगा, वाटंत साप आडवा गेला… न्हाई, असल्यानं सयाजी पाटील थांबायचा न्हाई. त्यो कशानंच थांबायचा न्हाई.

दुसरा.

मग ह्येच सांगा. मोठ्यानं, सगळ्यांदेखत. सावळाराम सुतारानं खोटा सांधा घातलाय, सुताखाली काप तीनच बोटांचा हाय, सूत सोडून बघा म्हनावं. गठुडं ऱ्हाऊ द्या हितं, मी शिवत न्हाई. माज्या तोंडाकडं काय बघताय? उठा. पळा.