खिडकीतली बाई

मदुरैच्या टॉकीजबाहेर तिकिटाच्या रांगेत एक नवरा-बायको उभे होते. दोघं भिंतीवरचं हाताने रंगवलेलं पोस्टर बघत होते.

“अहो, सगळं पोस्टर निळं आणि एवढी एकच खिडकी पिवळी का?”

“घरात भूत आहे ना, कुयिली. आपली नजर तिथे जावी म्हणून.”

“बाकी सगळे नायिकेकडे बघतायत. खिडकीतली बाई तेवढी आपल्याकडे बघतेय.”

“म्हणजे भूत तीच. पेंटर हुशार आहे.”

“तिची भुवई बघा, मधोमध तुटलेली. ही माझी अक्का आहे.”

“काहीतरीच काय? अक्काला आपण अग्नी दिला.”

“विहिरीतून काढलं तेव्हा चेहरा कुठे उरला होता? साडीवरून ओळखलं तुम्ही.”

“जुना फोटो बघून काढली असेल.”

“अक्का गेली तेव्हा केस काळेभोर होते तिचे. हिचे पिकलेत.”

नवऱ्याने पोस्टरवरची नजर काढून घेतली.

“चल, रांग सरकली.”

“मला नाही बघायचा सिनेमा. हा पेंटर कुठे राहतो, ते विचारू.”

“मग आपण जाळलं ते कुणाला, हेही विचारावं लागेल.”

“विचारू की.”

कुयिली रांगेतून बाहेर पडली. नवरा मात्र जागचा हलला नाही.