साठ टक्के

(हृदय तपासण्याची अंधारी खोली. काका पलंगाच्या कडेला बसून शर्टाची बटणं लावताहेत. डॉक्टर, म्हणजे त्यांची पुतणी, यंत्र पुसून ठेवते आहे.)

काका : मग साठ टक्क्यांवर माणूस किती दिवस तग धरतो?

डॉक्टर : कोणाचे साठ? तुमचा आकडा मी अजून सांगितलेला नाही.

काका : माझा राहू दे. कारखान्यातल्या त्या फोरमनचा. बाहेर बाकावर बसलाय. फोनवर लेकाला सांगत होता, 'हृदय साठ टक्केच चालतंय रे.' अगदी रडकुंडीला आला होता. मी खांबाआड उभं राहून पोटभर ऐकून घेतलं.

डॉक्टर : काका, दुसऱ्या पेशंटबद्दल मी बोलत नसते.

काका : नको बोलूस, मी बोलतो. चाळीस टक्के गेलं म्हणजे उरलेलंही जाणार. देवाच्या काठीला आवाज नसतो, पोरी! काम थांबू नये म्हणून बॉयलरची जादा वाफ सोडणारी झडप त्यानं तारेनं बांधली, आणि बॉयलर फुटला. तुझा बाप गेला, माझे हात होरपळले. आणि चौकशीत म्हणतो कसा, मेलेल्यानंच बांधली! मी इस्पितळात पडलेलो, मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

डॉक्टर : मला सांगताय?

काका : तुला नाही, त्या यंत्राला सांगतोय. बोल, किती दिवस?

डॉक्टर : कोणाचंही असो, साठ म्हणजे काय ते ऐका. हृदय रक्तानं भरतं. दर ठोक्याला त्यातलं किती बाहेर ढकललं, ते आम्ही मोजतो. सगळंच्या सगळं कोणाचंच जात नाही. पंचावन्न ते सत्तरच्या आसपास भरलं की आम्ही चांगलं म्हणतो.

काका : चांगलं? मग शंभर कोणाचं?

डॉक्टर : कोणाचंच नाही. ही काही शाळेची परीक्षा नव्हे.

काका : म्हणजे तो मेला ठणठणीत आहे!

डॉक्टर : साठ असेल तर पंप नीट चाललाय, एवढंच.

काका : मग रडत का होता?

डॉक्टर : ...मी आकडा सांगितला. तो चांगला आहे, एवढं म्हणायला जीभ वळली नाही.

काका : ओळखलंस त्याला?

डॉक्टर : दारातून आत आला तेव्हाच. त्यानं नाही ओळखलं मला. पुन्हा पुन्हा मोजत होते मी. कशासाठी, ते विचारू नका.

काका : तीस सांगायचंस! महिनाभर डोळ्याला डोळा लागला नसता.

डॉक्टर : मनात आलं होतं. आता तुमचं झालं की जाऊन सांगणार आहे त्याला.

काका : एवढी काय घाई? आधी चहा घे. दोन कप घे.

डॉक्टर : तुमचा आकडा ऐका आधी. बत्तीस.

काका : बत्तीस. तेही चांगल्यातच धरतात ना?

डॉक्टर : नाही, काका.

काका : वा रे न्याय! त्याचं साठ आणि माझं बत्तीस.

डॉक्टर : गोळ्यांनी पुष्कळांचं सुधारतं. मागच्या वेळी दिलेल्या कुठे गेल्या?

काका : मोरीत. मला कुठे शंभरी गाठायचीय? त्याला पोचवला की मी मोकळा.

डॉक्टर : आणि त्याच्यावरचा आईचा दावा? तो पुन्हा उभा राहिलाय. त्याला तार बांधताना पाहिलेला माणूस एकच उरलाय, तुम्ही. वकिलांनी निरोपावर निरोप धाडले, तुम्ही फिरकला नाहीत.

काका : वहिनींना म्हटलं मी, कोर्टात काय ठेवलंय? वरचा बघून घेईल.

डॉक्टर : तो मेला की चार लोक म्हणतील, भला माणूस होता. आणि बाबा? 'झडप बांधणारा' म्हणूनच राहतील कायमचे. मला नकोय त्याचं मरण. समोर बसलेला हवाय तो. धडधाकट, कान शाबूत असलेला. तुम्ही बोलताना त्याला उठून जाता येऊ नये.

काका : तू तर माझ्याही वरताण निघालीस.

डॉक्टर : तुमच्याच घरातली आहे.

काका : कोर्टाला जिना आहे का गं? इथे एक मजला चढताना दोनदा बसावं लागलं.

डॉक्टर : आहे. म्हणून गोळ्या आजपासून, रोज, न चुकता. सकाळी वजन बघायचं. मीठ कमी करायचं. एकदम वाढलं वजन, तर मला लगेच फोन.

काका : आणि नुसत्या रागावर नाही चालायचं?

डॉक्टर : राग राहू द्या. गोळ्यांबरोबर घ्या. बसा इथे, मी त्याला सांगून येते. घाबरून अंथरूण धरलं त्यानं, तर तारखेला कोण येणार?

काका : जा... अगं, थांब. मीठ कमी म्हणजे वरून घेतलेलं, की शिजवतानाचंही?