उचला बघू, काका!

...आणि वर मलाच विचारते, "बाबा, सगळे फोटो हलले कसे?" हलतील नाही तर काय! तुम्हाला सांगतो, माझ्या जागी तुम्ही असता ना, तर फोटो सोडा, भिंती हलल्या असत्या! कोण हसलं तिकडे? चष्मा नाहीये डोळ्यावर, म्हणून वाचलात. पण एक आधीच सांगून ठेवतो, मी घाबरलो नव्हतो!

त्याचं असं झालं... आमची मुलगी फुलांची सजावट करते. आणि त्या म्युझियमवाल्यांचं खूळ असं, की भिंतीवरचं एक चित्र घ्यायचं आणि त्याच्यासमोर ते फुलांत उभं करायचं. तीन वर्षं हिला नाही म्हणाले, यंदा घेतलं. वाट्याला काय आलं? वादळातली होडी! चार दिवस तिच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, न्हाणीघरात निळी फुलं, पलंगावर वाळक्या फांद्या, जावई बिचारा उभ्याउभ्या जेवतोय! आणि फोटो काढायला कोण? तर मी. अहो, मी चाळीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढले, हनुवटी खाली, डोळे उघडे, हसायचं नाही... फुलांना काय सांगू?

दालनात शिरतो तोच तिथल्या पहाऱ्यावरच्या बाई... बाई कसल्या, कुलूपच ते! "काका, रेषेच्या अलीकडे. काका, फ्लॅश नको. काका, टेकायचं नाही." आणि मुलीला म्हणतात, "नियम माहितीये ना? फुलांत एक किडा दिसला, की मांडणी तिथल्या तिथे बाहेर. पुन्हा बोलावणं नाही. किडे चित्रं खातात." पोरीचं तोंड एवढंसं झालं. एकेक देठ भिंगाखाली धरून धुतला होता हो तिने!

आता माझं एक गुपित. माझ्या खिशात कायम दोन रबरी किडे असतात, काळे, मिशाळ. विहीणबाईंच्या पर्समध्ये सोड, दंतवैद्याच्या ट्रेमध्ये सोड, आणि गंमत बघ. पण खरा किडा दिसला ना, की मी खुर्चीवर! अगदी खुर्चीवर उभा! हे फक्त बायकोला ठाऊक होतं, आणि ती बिचारी कुणाला न सांगता गेली. असं मला वाटत होतं.

तर मी कॅमेऱ्याला डोळा लावला. होडी आली, लाटा आल्या, पांढऱ्या फुलांचं शीड आलं... शिडावर काळा ठिपका. म्हटलं, धूळ असेल. फोकस केला. ठिपक्याने मिशा हलवल्या!

मी घाबरलो नव्हतो. तोंडातून "आई गं" निघालं, ते वयामुळे.

झालं, कुलूप आलं धावत! "काय झालं काका? बघू... अरे देवा, किडा!" बाईंना बघून तो किडाही गार पडला, मिशी हलवेना. बाईंनी कमरेची ती वायरलेस काढली. मी मुलीकडे बघतोय, मुलगी किड्याकडे... आणि एकदम हसून म्हणते कशी, "अहो, तो रबराचाय! आमच्या बाबांची खोड आहे ती, जन्माची."

"हो का काका?"

आता सांगा, काय बोलू? नाही म्हणालो, तर पोरीची तीन वर्षं कचऱ्याच्या डब्यात! म्हटलं, "हो हो... रबरच... चांगल्यातलं."

"मग उचला बघू, काका!"

उचला बघू! ऐकायला किती सोपं! तुम्हाला सांगतो, माझा हात निघाला, मी मागेच राहिलो. डोळे मिटले आणि मूठ आवळली. आत सहा पाय, सहाच्या सहा कामाला लागलेले! बाई म्हणतात, "हसताय काय काका?" हसतोय? अहो, दातखिळी बसली होती! आणि मुलीने काय म्हणावं? "बाबा, आलोच आहोत तर अजून चार काढा ना. बाजूनेही. घाई नाही." डाव्या मुठीत तो, उजव्या हातात कॅमेरा... अकरा फोटो काढले! अकरा!

बाहेर पायऱ्यांवर मूठ उघडली. तो भुर्रकन उडाला, मी मटकन बसलो. तर हिने पर्स उघडली... आत माझे दोन्ही रबरी किडे!

"सकाळीच काढून घेतले तुमच्या खिशातून."

"म्हणजे? तुला माहीत होतं, तो खरा आहे?"

"बाबा, रबर मिशा हलवतं का?"

"अगं मग मला कशाला उचलायला लावलंस!"

"दुसरीत असताना माझ्या कंपासपेटीत काय निघालं होतं, आठवतं? आणि तुमचं ते खुर्चीचं... आईने मला केव्हाच सांगितलंय."

मांडणी राहिली हो, चांगली दहा दिवस राहिली. पण माझे किडे तिच्याकडेच राहिले. परवा चष्म्याची डबी उघडतो, तर चष्म्यावर एक बसलाय! फोन केला. म्हणते, "रबराचाय बाबा. उचला बघू!"

असेलही रबराचा. मी घाबरलेलो नाही. डबी तशीच उघडी आहे दोन दिवस, मी लांबून लक्ष ठेवून आहे, पण चष्म्याशिवाय मिशा हलतात की नाही ते दिसत नाही... तुमच्यापैकी कुणी येता का जरा घरी?