घर तुझंच आहे

ताई: फोनवर तू नेमकं काय बोललास ते परत सांग. जसंच्या तसं.

भाऊ: अगं, किती वेळा? आणि हळू बोल. बाहेर बाकावर माणसं बसलीत.

ताई: बसू देत. ती सगळी माझ्याच जातकुळीची आहेत. बेघर माणसाला बेघराची कसली लाज? सांग तू.

भाऊ: या निवाऱ्याच्या मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, तुमच्या बहिणीनं जवळचे नातेवाईक म्हणून तुमचं नाव दिलंय, त्या तुमच्याकडे राहू शकतात का? मी म्हणालो, का नाही? घर तिचंच आहे, कधीही यावं. यात माझं काय चुकलं?

ताई: काही नाही. मॅडमना ते खरं वाटलं, एवढंच.

भाऊ: म्हणजे काय?

ताई: म्हणजे सोमवारी मला वरची खोली सोडायचीय. भाऊ आहे, भावाचं घर आहे, तो या म्हणतोय, मग ही बाई बेघर कशी? काढलं माझं नाव. बाब्या, त्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे. आतून. किती वर्षांनी मी रात्री दोन्ही डोळे मिटून झोपतेय, तुला कल्पना नाही.

भाऊ: पण परक्या बाईला मी काय सांगायला हवं होतं? माझ्या सख्ख्या बहिणीला माझ्या घरात जागा नाही म्हणून?

ताई: हो. तेच सांगायला बोलावलंय तुला. आता मॅडम येतील, विचारतील, तू नाही म्हण. मग जा तुझ्या नळांच्या दुकानात.

भाऊ: तुला काही कळतं का? पोराचं लग्न ठरतंय. मुलीकडचे चौकशा करताहेत. त्यांच्या कानावर गेलं की नवऱ्या मुलाची आत्या असल्या ठिकाणी राहते, तर तोंड कुठं लपवू मी?

ताई: आत्या इथं राहते याची लाज वाटते. आत्या दवाखान्याच्या बाकड्यावर झोपत होती, तेव्हा नाही वाटली?

भाऊ: मला माहीतच नव्हतं. सांगायचंस तरी.

ताई: सांगितलं होतं. शिवणकारखाना बंद पडला, मी झोपायची त्या कापडाच्या खोलीतून मालकानं माझी पेटी बाहेर आणून ठेवली, त्याच संध्याकाळी तुझ्या दारात उभी होते मी. पेटीसकट. तुझ्या बायकोनं चहा केला, पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. आणि तू म्हणालास, घर तुझंच आहे गं ताई, पण सध्या रंगकाम चाललंय.

भाऊ: चाललंच होतं रंगकाम.

ताई: मग अजून वाळला नसेल रंग.

भाऊ: तू टोमणे मारणार असशील तर मी उठतो.

ताई: बस. टोमणे फुकटात मिळताहेत, खा दोन. दवाखान्यात रखवालदार रोज विचारायचा, मावशी, कोणासोबत? मी सांगायची, भाऊ आत आहे. तीन वेळा तुझं अपेंडिक्स काढलंय मी. शेवटी तो बिचारा म्हणाला, फारच नाजूक आहे हो तुमचा भाऊ. मी म्हटलं, लहानपणापासून.

भाऊ: हसू नकोस. मला खरंच वाईट वाटतंय.

ताई: वाईट वाटून घेऊ नकोस, नाही म्हण. मला तुझ्या घरी यायचंच नाही. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झालीय माझी. तू चांगलं बोलू नकोस माझ्याबद्दल, एवढंच मागणं आहे.

(दार उघडतं. हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन मॅडम आत येतात.)

मॅडम: माफ करा, वर एका खोलीत पाणी तुंबलं होतं. तुम्ही मावशींचे भाऊ ना? फोनवर आपणच बोललो.

भाऊ: हो हो. नमस्कार. म्हणजे कसं आहे मॅडम, थोडा गैरसमज झालाय. ताईला इथं आवडलंय. तर तिला राहू द्या ना इथंच. आणि तुम्हाला मी फोनवर जे सांगितलं, तेही राहू द्या तसंच.

मॅडम: दोन्ही कसं राहील? घर असलेल्या माणसाला मला खोली देता येत नाही.

भाऊ: पण तुमचं काम धर्मादाय ना? मग इतकं काटेकोर कशाला?

मॅडम: धर्मादाय नाही, साहेब. ही गुंतवणूक आहे. मोठ्या लोकांनी यात पैसे घातलेत. रस्त्यावरचा माणूस छपराखाली गेला आणि वर्षभर टिकला, तर सरकार त्यांना मुद्दल परत देतं, वर नफा. तो पुन्हा रस्त्यावर आला तर त्यांचे पैसे बुडाले.

भाऊ: अरे वा. म्हणजे पुण्यही मिळतं आणि व्याजही.

मॅडम: तसं म्हणा.

भाऊ: यात आपल्यासारख्या लहान माणसाला घालता येतात का हो पैसे?

ताई: घाल की. माझ्यावर लाव. शर्यतीच्या घोड्यावर लावतात तसे.

भाऊ: मी आपलं सहज विचारलं गं.

ताई: मीही सहजच सांगितलं. घरात घ्यायचं नाही, पण माझ्यावर चार पैसे सुटले तर घ्यायचे.

मॅडम: मावशी, थांबा जरा. साहेब, मी तुम्हाला खरं सांगते. खोलीत राहणाऱ्या माणसाला खर्च येतो. भाडं, वीज, डॉक्टर. जो घरच्यांकडे परत गेला, त्याचा खर्च काही नाही, आणि तो आमच्या यशात धरला जातो. त्यामुळे तुमचं ‘हो’ वरच्या लोकांना फार आवडलंय. या खोलीसाठी रांगेत माणसंही आहेत. तुम्ही ‘हो’वर राहिलात तर मलासुद्धा सोपं पडतं.

ताई: बघ, तुझ्या एका शब्दानं किती जणांचं भलं होतंय. मीच एक करंटी निघाले.

भाऊ: मग मॅडम, मला एक सांगा, मी नाही म्हणालो तर ते कुठं जाहीर होतं का? म्हणजे नावानिशी?

मॅडम: नाही. माझ्यापाशी राहतं.

भाऊ: तरी पण. असं तोंडानं म्हणायचं म्हणजे... आई असती तर काय म्हणाली असती? आमचं घराणं तसं नाही हो.

ताई: बडा घर पोकळ वासा. बाबा गेल्यावर घरावरचा माझा वाटा सोडल्याची सही घेतलीस, तेव्हाही घराणंच काढलं होतंस. सही नुसती कागदापुरती, ताई, घर तुझंच आहे. मी चष्मासुद्धा लावला नाही. दाखवलंस तिथं सही केली.

भाऊ: ते आता इथं कशाला? मॅडमसमोर?

ताई: मॅडमनी माझे सुजलेले, फुटलेले पाय बघितलेत, मी इथं आले तेव्हा. त्यांच्यासमोर लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

भाऊ: मॅडम, मी नाही म्हणू शकत नाही. माझ्या तोंडून येणारच नाही ते. रक्ताचं नातं आहे. तुम्ही समजून घ्या.

ताई: बाब्या, मी पाया पडू का तुझ्या? वयानं मोठी आहे, पण पडते. म्हण की रे एकदा.

भाऊ: नाही ताई. लोक काय म्हणायचे ते म्हणोत, मी माझ्या बहिणीला बेघर म्हणणार नाही. लिहा मॅडम, घर तिचंच आहे.

मॅडम: ठीक आहे. मग पुढचं समजावून सांगते. मावशी सोमवारी तुमच्याकडे येतील. आमचा माणूस त्यांना सोडायला येईल.

भाऊ: माणूस? घरी?

मॅडम: वर्षभर येणार तो, दर महिन्याला. मावशी कुठं झोपतात, कपडे कुठं ठेवतात, जेवायला बसतात का, हे बघतो. शेजारी दोन घरी विचारतो. पैसे घालणाऱ्यांना खात्री लागते ना. नुसत्या शब्दावर नफा मिळत नाही.

भाऊ: शेजाऱ्यांना विचारणार?

मॅडम: हो. आणि वर्ष भरलं की तुमचं घर हाच त्यांचा कायमचा पत्ता म्हणून सरकारकडे नोंदला जातो.

भाऊ: कायमचा म्हणजे? सरकारदरबारी?

मॅडम: सरकारदरबारी.

भाऊ: म्हणजे उद्या तिनं म्हटलं की मी इथं राहते, माझाही हक्क आहे, तर...

मॅडम: ते वकिलाला विचारा. मला माहीत नाही.

भाऊ: मग नाही.

मॅडम: नाही म्हणजे? मला स्पष्ट ऐकावं लागतं.

भाऊ: माझ्या घरात तिला जागा नाही. आधी नव्हती, पुढंही नसेल. आणि आमचा तसा फारसा संबंधही नाही.

मॅडम: शेवटचं मी विचारलं नव्हतं.

भाऊ: असू द्या. एकदाच काय ते स्पष्ट झालेलं बरं. झालं का माझं काम? दुकान पोरावर सोडून आलोय.

मॅडम: झालं.

भाऊ: चल ताई, येतो मी. तुझं काम झालं ना मनासारखं? तब्येतीला जप. काही लागलं तर हक्कानं फोन कर.

ताई: हो. दार लाव, आणि जपून जा, खालची फरशी ओली आहे.

मॅडम: गेले. मावशी, ही घ्या किल्ली, खोली तुमच्याकडेच राहील आता. अहो, हे काय? डोळ्यांत पाणी? तुम्हाला हवं होतं तेच म्हणाले की ते.

ताई: तेच म्हणाला. मीच बोलावलं होतं त्याला त्यासाठी.

मॅडम: मग?

ताई: काही नाही हो. पत्त्याचं ऐकल्यावर नाही म्हणायच्या आधी जरा तरी विचार करेल असं वाटलं होतं.