चौदा महिन्यांचं मीटर

मिस्त्री : मीटर कुणी फिरवलं, तेवढं सांगा. रागावत नाही मी. आठवड्याला चार जण येतात असे.

बायको : काय फिरवलं?

मिस्त्री : मीटर हो, वहिनी. गाडी किती किलोमीटर पळाली तो हा आकडा. जुनी मोटरसायकल देऊन नवी न्यायची म्हटलं की लोक आदल्या दिवशी आकडा मागे नेऊन आणतात. गाडी कमी पळालेली दिसली की भाव चढतो ना.

बायको : भाऊ, माणूस बघून तरी बोला. दुकानदाराकडून सुटे जास्त आले तर अर्ध्या रस्त्यातून परत जातात हे. माझा जीव जातो त्यापायी.

मिस्त्री : उत्तम. मग हे बघा. हे आमच्या दुकानाचं सर्व्हिसिंगचं कार्ड. अक्षर माझंच आहे, कोंबडीचे पाय म्हणा हवं तर. चौदा महिन्यांपूर्वी गाडी आली तेव्हा मीटरवर अठ्ठेचाळीस हजार दोनशे. आज पन्नास हजार सहाशे. आणि तुम्हीच मघाशी काउंटरवर सांगत होतात की दादा रोज कामाला जातात हिच्यावरून.

बायको : जातातच. कारखाना शहराबाहेर आहे. जाऊन येऊन साठ किलोमीटर. एक रविवार सोडला तर रोज सकाळी सातला घर सोडतात.

मिस्त्री : मग सत्तर हजारांच्या घरात पाहिजे होता आकडा. जवळजवळ वीस हजार किलोमीटर गेले कुठे? उंदरांनी खाल्ले?

नवरा : जाऊ द्या ना मिस्त्री. भाव कमी लावा आणि मिटवा. आम्हाला घाई आहे.

बायको : रविवारची कसली घाई? आणि भाव का कमी लावायचा? न केलेल्या गोष्टीसाठी?

नवरा : केलंय मी.

बायको : काय केलंय?

नवरा : मीटर फिरवून आणलं. गेल्या आठवड्यात. चार पैसे जास्त येतील म्हणून.

बायको : तुम्ही? अहो, आत्ता मी यांच्या तोंडावर तुमची एवढी बाजू घेतली! मी बोलत होते तेव्हा गप्प कसे बसलात?

मिस्त्री : असू द्या, वहिनी. भले भले करतात. पण दादा, कुणाकडून करून घेतलंत? या भागात हे काम करणारे दोघंच, आणि दोघंही माझ्याच हाताखाली शिकलेत.

नवरा : आहे एक जण. बाजारातला.

मिस्त्री : चाकापासून मीटरला जाणारी केबल काढली का त्यानं?

नवरा : हो. केबलच काढली.

मिस्त्री : वहिनी, ही बॅटरी धरा जरा. इथे, पुढच्या चाकाशी. अजून खाली. हां... आता मागच्या चाकावर मारा उजेड. बास.

बायको : काय झालं?

मिस्त्री : दादा खोटं बोलतायत. केबलच्या नटावर मी लावलेला लाल रंगाचा ठिपका जसाच्या तसा आहे. पाना लागला असता तर पहिला तो उडाला असता. आणि हा मागचा टायर मी स्वतः घातलेला, त्याच सर्व्हिसिंगला. कडेला हे रबराचे बारीक केस दिसतात? नव्या टायरला असतात ते. वीस हजार किलोमीटर पळाल्यावर केस राहतात होय? पार माझ्यासारखं होतं डोकं. वहिनी, माफी मागतो तुमची. तुमचा माणूस सज्जन आहे. मीटर शंभर टक्के खरं आहे. वरचा भाव मिळेल तुम्हाला.

बायको : मग यांनी कबूल का केलं?

मिस्त्री : ते काय मला माहीत?

बायको : भाऊ, चेन बघा बरं. दोनदा तुटली यांची चेन. एकदा तर घरी यायला नऊ वाजले. त्या चेनपायीच मी हट्ट धरला, की बास झालं हे रस्त्यात अडकणं, नवी घेऊ या.

मिस्त्री : चेन मी बसवलेलीच आहे. तिच्या जोडाचं लॉकसुद्धा उघडलेलं नाही.

बायको : आणि क्लचची वायर? ती तर वाटेत कुणाकडून तरी बदलून घेतली होती.

मिस्त्री : वहिनी...

बायको : सांगा ना. बदलली की नाही?

मिस्त्री : नाही. चौदा महिन्यांत या गाडीला कुणी हात लावलेला नाही. काही बिघडावं एवढी ती पळालेलीच नाही. मी... असं करतो, आतून फॉर्म घेऊन येतो. तुम्ही बसा त्या बाकावर. निवांत बसा.

(मिस्त्री आत जातो. दोघं बाकावर बसतात, मध्ये एका माणसाची जागा सोडून.)

बायको : चौदा महिन्यांत चोवीसशे. म्हणजे दिवसाचे सहा-सात. तीन किलोमीटर जायचं आणि तीन यायचं. काय आहे तिथे? कुणी बाई आहे?

नवरा : नाही गं. काहीतरीच काय बोलतेस.

बायको : असती तर मला निदान भांडता आलं असतं.

नवरा : कामावरून काढलं मला. आमचा आख्खा विभागच बंद केला. त्या सर्व्हिसिंगनंतर आठवडाभरात. नवा टायर घातला आणि जायला जागाच उरली नाही.

बायको : पगार तर आणून देत होतात.

नवरा : जाताना एकरकमी मिळाले होते, ते तोडून तोडून द्यायचो. या महिन्यात संपले.

बायको : आणि मी शिवणाचे पैसे घेऊन इथे रंग निवडत बसले होते. काळी की लाल.

नवरा : मी किती वेळा म्हटलं, नको नवी गाडी.

बायको : का नको, ते नाही म्हणालात. मला वाटलं, स्वतःसाठी खर्च करायचा म्हणजे तुमच्या जिवावर येतं. आणि ते रोज बंद पडणं, ती चेन, ती वायर?

नवरा : काही दिवस संध्याकाळी घरी यायला पायच उचलायचे नाहीत. तसाच बसून राहायचो. उशीर झाला की मग गाडीवर ढकलायचो. ती काय बोलणार आहे?

बायको : बसायचात कुठे?

नवरा : सोड ना आता.

बायको : कुठे बसायचात?

नवरा : पुलापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात. पेशंटांसाठी बाकं आहेत ना, तिथे. आधी बागेत बसायचो, पण माळी चौकशा करायला लागला. दवाखान्यात बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. आत कुणीतरी असेल याचं, असं समजतात.

बायको : त्या दवाखान्यात मी गेले होते.

नवरा : हं.

बायको : तुम्हाला सांगितलं नव्हतं मी. "हं" काय?

नवरा : बायकांच्या तपासणीच्या खोलीबाहेर बसली होतीस. मांडीवर पिशवी घट्ट धरून. साडेदहापासून दीडपर्यंत.

बायको : तुम्ही बघत होतात?

नवरा : खांबाआड होतो.

बायको : मला घेरी आली होती त्या दिवशी. कोण कुठली एक बाई, तिनं पाणी पाजलं, वारा घातला.

नवरा : मीच सांगितलं होतं तिला. म्हटलं, त्यांना जरा बघता का.

बायको : "त्यांना."

नवरा : पुढे आलो असतो तर तू विचारलं असतंस, कामावरून इथे कसे. तेवढ्यात काही सुचेना मला. आणि एकदा नाही आलो, मग... मग नाहीच आलं येता. लाज वाटते गं मला. फार लाज वाटते.

बायको : डॉक्टरीण म्हणाली होती, गाठीचा तुकडा काढून तपासायला हवा. पुन्हा एकट्या येऊ नका, घरचं माणूस आणा, सही लागेल.

नवरा : मला तर तू नुसतं किरकोळ दुखणं आहे म्हणाली होतीस.

बायको : तुमच्या डोक्याला कामाचा ताण, त्यात आणखी भर नको म्हणून म्हणाले. आठ महिने झाले त्याला. तेव्हा वाटाण्याएवढी होती. आता लिंबाएवढी आहे.

नवरा : एवढी? अगं, आणि तू एका शब्दानं—

बायको : हळू बोला. लोक नव्या गाड्या बघायला आलेत.

मिस्त्री : हे घ्या, वहिनी. भाव वरचाच लिहिलाय, कुणाला सांगू नका. दादा, इथे सही आणि इथे नोकरीचं ठिकाण—

बायको : नवी गाडी नको आता, भाऊ.

मिस्त्री : बरं. राहिली. मग हिला किक मारा आणि जा घरी. मी काही वाईट वाटून घेत नाही.

बायको : ही ठेवून घ्या. याच भावानं. पैसे आज मिळतील?

मिस्त्री : मिळतील, पण मग तुम्ही जाणार कशा? आणि दादा उद्या कामाला... दादा, चालेल ना तुम्हाला?

नवरा : चालेल. ही चावी.

मिस्त्री : बरं. कॅशियर जेवायला गेलाय, आणतो त्याला शोधून.

नवरा : उद्याच जाऊ आपण. ती डॉक्टरीण सोमवारी आणि गुरुवारीच असते. साडेसहाला पोहोचलो तर पहिल्या दहांत नंबर लागतो. आणि एक नंबरच्या खिडकीला उभं राहायचं नाही, तिथे नुसती गर्दी. तीन नंबरला मी बोलतो, तिथली बाई ओळखते मला. तुकड्याची तपासणी तळमजल्यावर, डावीकडचं दुसरं दार. रिपोर्टला दहा दिवस लावतात, पण तिथला माणूस चांगला आहे, सांगितलं तर सहा दिवसांत देईल.

बायको : सगळं माहीत आहे तुम्हाला.

नवरा : उद्या सगळं मी करीन. तू फक्त बसायचं.

बायको : डॉक्टरणीनं सांगितल्यावर मी तीन वेळा म्हटलं होतं तुम्हाला. एक दिवस रजा काढा, माझ्याबरोबर दवाखान्यात चला. तिन्ही वेळा म्हणालात, विचारून बघतो. आणि तिन्ही वेळा संध्याकाळी येऊन बूट काढता काढता सांगितलंत, साहेब नाही म्हणाले.

नवरा : तिथे सगळे मला ओळखायला लागले होते गं. तुझ्याबरोबर आलो असतो तर दारावरचा पहारेकरीच म्हणाला असता, काय काका, आज उशीर?

बायको : ते कळलं मला. मी वेगळं विचारतेय. त्या तीन दिवशी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे बसून, तुम्ही विचारत कुणाला होतात?