सरावाचं शून्य

हलू नका म्हटलं ना — काच अजून आत आहे. दुखतंय? मॉनिटर फोडताना बरा नाही दुखला हात! आणि हातोडी शोधू नका, ती माझ्या पायाशी आहे, तिथेच राहील. या शाळेची वेबसाइट मी बनवायची, शिक्षकांना ती वापरायला मी शिकवायचं, आणि आता तुमची मलमपट्टीही मीच करायची — नशीब माझं! पोरगी कुठंय म्हणून विचारलंत, मी म्हटलं आज आलीच नाही, तर घातलीत हातोडी सरळ मशीनवर. ही काय रीत झाली?

आता ऐका. काल तुम्हाला जो मेसेज आला — लेकीला गणितात शून्य — तो सरावाचा होता. काल इथे शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मी नेहमी दोन साइट ठेवते, एक खरी, एक सरावाची. सरावाच्या साइटवर काहीही भरा, बाहेर काही जात नाही. पण दिसायला दोघी जुळ्या बहिणी. चित्रकलेच्या सरांनी उघडली खरी, यादीतल्या पहिल्या नावापुढे शून्य टाकलं, ‘पाठवा’ दाबलं — वर मला विचारतात, जमलं ना मॅडम? जमलं की! सगळ्या पालकांच्या ग्रुपवर गेलं. चारचौघांत तुमचं नाक कापलं गेलं, कबूल. पण खरे मार्क किती, हे विचारलंत का एकदा तरी? नाही ना? मग मीही नाही सांगत. समजा, खरंच शून्य असतं — मग? मग मारायचं?

दोन्ही साइटना वेगळे रंग द्यायला हवे होते, ते माझं मी निस्तरते, नोकरी गेली तर गेली. पण चार्जरची वायर दुहेरी करून, बाथरूममध्ये कोंडून, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून — अहो, कातडं फाटलंय पाठीचं! कपडा चिकटला होता रक्ताने, मी कोमट पाणी लावून लावून सोडवत होते, तर हूं की चूं नाही, नुसती दात आवळून बसलेली, तिला वाटलं ओरडलं की मीही —

काय? कुठे सोडवत होते म्हणजे? छे, असंच बोलले मी. अंदाजाने. सांगितलं ना, आज आलीच नाही ती. अहो, हात ओढू नका — रक्त बघा किती — बसा खाली.

त्या दाराकडे काय बघताय? जुने कीबोर्ड आहेत तिथे, दुसरं काही नाही. बसा म्हणते ना! बस खाली. हे बघ, हातोडी मलाही चालवता येते. शिपाई गेलाय पोलिसांना आणायला, तोवर एक पाऊल जरी पुढे टाकलंस, तर हात मोडून ठेवीन तुझा, देवाशप्पथ —

बाळा, आतून कडी लाव. आणि कानांवर हात ठेव.